ओसाड माळ आणि सार्वजनिक हित

फ्रान्स देशाचे नाव काढले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे पॅरिस शहर उभे राहते. फार झाले तर १७८९ सालची राज्यक्रांती आणि नेपोलियनची कायदेसंहिता आठवते. त्या देशाचा खेडवळ शेतकरी कसा राहतो, त्याची जमीन कसली, त्याच्या गावाचा कारभार कोण पाहतो, ह्याची चौकशी करण्याच्या भानगडीत आपण सहसा पडत नाही. वस्तुतः सरकार आणि प्रजा ह्यांच्या संबंधाचे खरे मोजमाप राजधानीत होत नसून खेड्यातच होते. म्हणून आज आम्ही आमच्या वाचकांस फ्रान्सच्या दक्षिण भागातील लार्झाक नावाच्या पठारावर घेऊन जाण्याचे योजिले आहे. ‘सार्वजनिक हित’ ह्या दोन शब्दांच्या आड सरकार काय काय करू पाहते, आणि जमीन कसणारे लोक शहाणे व एकदिलाचे असले तर ते त्याला कोणते उत्तर देऊ शकतात, ह्याचा इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

फ्रान्सच्या मध्यभागी प्राचीन खडकांचा जो विस्तीर्ण उंचवटा आहे, त्याच्या दक्षिण अंगास चुनखडीची काही पठारे आहेत. त्यांस तिकडे ‘कोस’ म्हणतात. लार्झाक हे त्यांतील सर्वांत मोठे. उत्तरेस मियो शहर व तार्न नदीची खोल दरी, दक्षिणेस लोदेव्ह. मध्ये सुमारे एक हजार चौरस किलोमीटरांचा, समुद्रसपाटीपासून सहाशे ते नऊशे मीटर उंचीवरचा उघडा माळ. पाऊस येथे अगदीच पडत नाही असे नाही. पण पडलेले पाणी वर ठरत नाही. चुनखडीच्या भेगांतून ते खाली झिरपते, जमिनीच्या पोटात गुहा कोरीत जाते, आणि पार खाली दरीच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे माळावर नदी नाही, ओढा नाही. हिवाळ्यात बोचरा वारा, उन्हाळ्यात कोरडी होरपळ. खडकावर मातीचा थर पातळ. जेथे खडक विरघळून बशीसारखे खळगे पडले आहेत तेथे तांबडी चिकणमाती साचते, आणि तेवढीच काय ती नांगराखाली येते. बाकीचा माळ मेंढ्यांचा.

ह्या माळावरून मोटारीतून जाणाऱ्या परक्या माणसास तो ओसाड वाटला तर नवल नाही. परंतु डोळे उघडे ठेवून पाहिले असता एकेक गोष्ट दिसू लागते. शेतांतील दगड वेचून रचलेल्या गडग्यांच्या रांगा आहेत. मेंढ्यांना पाणी मिळावे म्हणून खळग्यांच्या तळाशी दगडी फरशी बसवून उथळ तळी केलेली आहेत. त्यांस तिकडे ‘लावोन्य’ म्हणतात. घरांच्या छपरांवरचे पाणी टाक्यांत उतरविण्याची योजना आहे. बाराव्या शतकात टेंपलर नावाच्या लढवय्या धर्मपंथाने येथे ठाणी घातली. पुढे त्यांचे वतन हॉस्पिटलर पंथाकडे गेले, आणि पंधराव्या शतकात ला कुव्हर्तुआराद, ला काव्हालरी अशा गावांभोवती तट उठले. तेव्हापासून हा माळ राखला जात आहे तो मेंढीच्या तोंडाने व मेंढपाळाच्या काठीने. मेंढ्या चरावयाच्या थांबल्या तर काही वर्षांतच झुडपे माजून कुरण बुजते. युनेस्कोने २०११ साली कोस व सेव्हेन ह्या प्रदेशाची जागतिक वारशात गणना केली, ती तेथील निसर्ग अस्पर्श आहे म्हणून नव्हे, तर मेंढपाळांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या मेहनतीने तो घडला आहे म्हणून. आमच्या लेखाचा सगळा रोख ह्याच एका गोष्टीकडे आहे. जी जमीन कचेरीच्या नकाशावर पांढरी दिसते, ती कसणाराच्या लेखी पांढरी नसते.

अशा जमिनीवर पोट भरावे कसे? ह्या प्रश्नाचे लार्झाकच्या लोकांनी शोधलेले उत्तर म्हणजे रोक्फोरचे चीज. पठाराच्या पश्चिमेस कोंबालू नावाच्या डोंगराचा कडा ढासळून जे खडकांचे ढीग झाले, त्यांतील भेगांतून थंड व दमट हवा बारमाही वाहते. ह्या भेगांवर बांधलेल्या तळघरांत मेंढीच्या दुधाचे चीज ठेवले असता विशिष्ट बुरशीच्या योगाने ते मुरते, त्यावर निळसर हिरव्या शिरा येतात, आणि त्याला ती चव येते जिच्यासाठी जग पैसे मोजते. १४११ साली फ्रान्सचा राजा सहावा शार्ल ह्याने चीज मुरविण्याचा हक्क रोक्फोर गावाच्या रहिवाशांस सनदेने दिला. १६६६ साली तुलूझच्या न्यायसभेने ह्या नावाने खोटा माल विकणारांस शासन करण्याचे ठरविले. पुढे २६ जुलै १९२५ रोजी फ्रान्सच्या विधिमंडळाने खास कायदा करून ‘रोक्फोर’ ह्या नावास संरक्षण दिले. उत्पत्तिस्थानाच्या नावाचा असा हक्क चीजपैकी प्रथम मिळाला तो ह्यालाच. आज नियम असा आहे की, दूध लाकोन जातीच्या मेंढीचेच हवे, ते ठरलेल्या मुलखातलेच हवे, ऋतू अनुकूल असेल तेव्हा मेंढी रोज बाहेर चरावयास गेली पाहिजे, आणि चीज रोक्फोरच्या तळघरांतच मुरले पाहिजे.

ह्या कायद्याचे मर्म आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. सुपीक मैदानातला बडा शेतकरी लार्झाकच्या शेतकऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त दूध काढू शकेल. पण त्याला ‘रोक्फोर’ हे नाव वापरता येत नाही. म्हणजे जमिनीचा जो दोष, तोच कायद्याने मालाचा गुण ठरविला. सरकारने शेतकऱ्याच्या हातावर दान ठेवले नाही. त्याच्या कसबाचे मोल दुसऱ्याने चोरू नये एवढीच तजवीज केली. १९३० सालापासून दूध पुरविणारे शेतकरी व चीज करणारे कारखानदार ह्यांचा एक संयुक्त संघही आहे, आणि दुधाच्या दराचा व प्रमाणाचा वाद तेथे समोरासमोर होतो. सगळे गोड आहे असे मात्र नव्हे. रोक्फोर करणारे उत्पादक आज उणेपुरे सात. त्यांतील सर्वांत मोठी पेढी एका बलाढ्य दुग्धकंपनीच्या मालकीची आहे. दुबळ्या शेतकऱ्याला बलवान गिऱ्हाइकाशी सौदा करावयाचा असला म्हणजे काय होते, हे आमच्या ऊस व कापूस पिकविणारांस आम्ही सांगावयास नको.

जमिनीच्या हक्कासंबंधानेही फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धानंतर दोन मोठ्या सुधारणा केल्या. १९४५-४६ साली कुळांचा कायदा झाला. त्याने शेतजमिनीचा पट्टा किमान नऊ वर्षांचा केला, कुळास तो पुन्हा मिळण्याचा हक्क दिला, खंडाला मर्यादा घातली, आणि मालक-कुळांचे तंटे तोडण्यास दोन्ही पक्षांचे सारखे प्रतिनिधी असलेली न्यायासने स्थापिली. १९६० सालच्या कायद्याने जमीन-व्यवस्थेच्या प्रादेशिक संस्था निघाल्या, आणि दोन वर्षांनी त्यांस अग्रक्रयाचा हक्क मिळाला. शेतजमीन विक्रीस निघाली असता ती अशा संस्थेने आधी घ्यावी व खऱ्या शेतकऱ्यास द्यावी, असा हा हक्क. सावकारी सट्ट्याला ह्याने पुरता आळा बसला असे कोणी म्हणणार नाही. पण जमीन हा बाजारातला इतर जिन्नस नव्हे, हे तत्त्व तरी कायद्याने मान्य केले.

आता कारभाराकडे वळू. लार्झाकचा बराचसा भाग आव्हेरों ह्या जिल्ह्यात व दक्षिणेकडचा काही भाग एरो जिल्ह्यात मोडतो. राज्यक्रांतीने १७९० साली जुने प्रांत मोडून फ्रान्सचे नवे जिल्हे पाडले, तेव्हा रुएर्ग प्रांताचा आव्हेरों झाला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण रोदेझ. मियो हे एका उपविभागाचे ठाणे. जिल्ह्यावर प्रीफेक्ट नावाचा अधिकारी असतो. हे पद नेपोलियनने १८०० साली निर्माण केले. तो लोकांनी निवडलेला नसून पॅरिसच्या सरकारने नेमलेला असतो. आमच्याकडील कलेक्टरची मूर्ती डोळ्यांपुढे आणली म्हणजे वाचकांस त्याची कल्पना येईल.

परंतु ह्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर कम्यून आहे, आणि फ्रान्सच्या ग्रामीण जीवनाचा कणा तीच होय. देशात आजही सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत. एकट्या आव्हेरोंमध्ये अडीचशेंहून अधिक. ला कुव्हर्तुआरादसारख्या कम्यूनची वस्ती दोनशेंच्या आसपास. तरी तिला स्वतःची निवडलेली सभा आहे, सभेने निवडलेला मेयर आहे, कचेरी आहे, दप्तर आहे. १८८४ सालच्या कायद्याने कम्यूनचे कार्य आपल्या सभेच्या ठरावांनी चालावे असे ठरले. मात्र तिच्या ठरावांवर प्रीफेक्टची देखरेख पुढे जवळजवळ शंभर वर्षे राहिली. मार्च १९८२ च्या कायद्याने ती सैल झाली. आता कम्यूनचा ठराव बेकायदेशीर वाटल्यास प्रीफेक्टने तो स्वतःच्या सहीने रद्द करावयाचा नसतो. न्यायासनापुढे जाऊन दाद मागावयाची असते. हा फरक वरवर पाहता बारीक आहे, पण कायदा जाणणारास तो आकाशपाताळाएवढा वाटेल. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याने अर्जदार करून सोडले.

इतक्या चिमुकल्या कम्यूनांना रस्ते, पाणी, शाळा ह्यांचा खर्च झेपत नाही, म्हणून त्यांचे संघ करण्याचा सपाटा अलीकडे चालला आहे. २०१६ साली प्रांतांचेही एकीकरण होऊन आव्हेरों व एरो हे दोन्ही जिल्हे ऑक्सितानी ह्या एकाच विशाल प्रांतात आले. काटकसरीच्या दृष्टीने ह्यात तथ्य असेल. पण ज्या कचेरीत शेतकरी पायी जाऊ शकत होता ती मोटारीच्या अंतरावर गेली म्हणजे त्याचा आवाजही तितकाच क्षीण होतो, अशी तेथील खेडुतांची तक्रार आहे. ती आम्हांस निराधार वाटत नाही. आव्हेरोंची लोकसंख्या १८८६ साली चार लाख पंधरा हजारांवर होती. आज ती दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास आहे. तरुण पॅरिसला गेले. तेथील कित्येक कॉफीगृहे आव्हेरोंच्या माणसांनी काढली. ज्या मुलखातून माणसे जातात, तो मुलूख कोणाचाच नाही असे राजधानीला वाटू लागते. लार्झाकच्या बाबतीत हेच घडले.

ला काव्हालरी गावानजीक विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे तीन हजार हेक्टरांची लष्करी छावणी होती. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी संरक्षणमंत्री मिशेल दब्रे ह्यांनी ही छावणी सुमारे सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढविणार असल्याचे जाहीर केले. शंभरांवर शेतकरी कुटुंबांच्या जमिनी तीत जात होत्या. त्यांचा सल्ला घेण्यात आला नव्हता. माळ ओसाड आहे, माणसे थोडी आहेत, तीही आज ना उद्या उठून जाणारच आहेत, असा मंत्रिमंडळाचा हिशेब होता. मौज अशी की, ज्या शेतकऱ्यांना मरणपंथास लागलेले समजून हा बेत रचला, त्यांतील पुष्कळांनी नुकतेच कर्ज काढून नवे मेंढवाडे बांधले होते, दूध काढण्याची यंत्रे बसविली होती, नवी कुरणे नांगराखाली आणली होती. दप्तरात माळ मेला होता. प्रत्यक्षात तो अंग धरीत होता.

येथे आपल्या देशाचा एक धागा ह्या कथेत येऊन मिळतो. लांझा देल व्हास्तो नावाचे एक इटालियन गृहस्थ १९३७ च्या सुमारास वर्ध्यास येऊन महात्मा गांधींजवळ राहिले होते; गांधीजींनी त्यांस शांतिदास हे नाव दिले. परत गेल्यावर त्यांनी फ्रान्समध्ये आश्रम काढला, आणि १९६० नंतरच्या दशकात तो लार्झाकच्या दक्षिण पायथ्याशी आणला. मार्च १९७२ मध्ये ह्या शांतिदासांनी ला काव्हालरी येथे पंधरा दिवसांचा उपवास केला. शेतकरी बहुतेक सनातनी कॅथलिक, कायद्याला मानणारे, सरकारविरुद्ध ब्र न काढणारे. त्यांना हे नवीन होते. परंतु त्या महिन्याच्या २८ तारखेस, ज्यांच्या जमिनी जात होत्या अशा १०७ पैकी १०३ शेतकऱ्यांनी लष्करास जमीन न विकण्याची शपथ सहीनिशी घेतली. वर्ध्याचे बी चुनखडीच्या खडकावर रुजले ते असे.

पुढील दहा वर्षांचा सगळा वृत्तांत देण्यास येथे जागा नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी साठ मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल मनोऱ्याखाली सोडल्या. राजधानीच्या लोकांना दूध कोठून येते ह्याची आठवण झाली. १९७३ च्या आरंभी ट्रॅक्टरांची मिरवणूक पॅरिसच्या वाटेस लागली. त्याच वर्षी ऑगस्टात पठारावर साठ हजारांहून अधिक लोक जमले. ला ब्लाकिएर येथे परवाना नसताना, देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांच्या हातांनी दगडी मेंढवाडा उभारण्यात आला. त्याच्या खर्चात सहानुभूती बाळगणाऱ्या लोकांनी सरकारास द्यावयाच्या करातून तीन टक्के वळते करून पाठविलेल्या पैशाचा भाग होता. १९७८ साली शेतकरी सुमारे सातशे किलोमीटर पायी चालत पॅरिसला गेले. काही जण तुरुंगातही गेले. पण माणसाच्या अंगावर हात टाकावयाचा नाही, हा नेम एकंदरीत पाळला गेला. छावणीमुळे धंदा वाढेल ह्या आशेने विस्ताराला अनुकूल असलेले लोकही त्या मुलखात होते. त्यांच्याशी भांडण झाले, पण रक्त सांडले नाही.

आम्हांस विशेष कौतुक वाटते ते ह्या लोकांनी कायद्याचे हत्यार ज्या कुशलतेने वापरले त्याचे. त्यांनी शेतजमिनीच्या सामाईक मंडळ्या काढल्या, लष्कर घेऊ पाहत असलेले तुकडे विकत घेतले, आणि त्यांचे लहान लहान हिस्से देशभरातील हजारो लोकांस विकले. जमीन सक्तीने घ्यावयाची म्हणजे प्रत्येक मालकास नोटीस द्यावी लागते. एकेका खडकाळ तुकड्याला शेकडो मालक निघाले, तेव्हा सरकारी वकिलांची काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पना आमच्या व्यवसायबंधूंस सहज करता येईल.

परंतु मुख्य कायदेशीर प्रश्न ह्याहून खोल होता. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने मालमत्ता पवित्र मानून, ‘सार्वजनिक गरज’ कायदेशीर रीतीने सिद्ध झाल्यावाचून व योग्य भरपाई आधी दिल्यावाचून ती कोणाची हिरावून घेऊ नये असे सांगितले. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत त्या ‘गरजे’च्या जागी ‘सार्वजनिक उपयोग’ हा शब्द आला. एका शब्दाचाच फरक. पण गरज सिद्ध करावी लागते, उपयोग नुसता सांगता येतो. आणि तो सांगणार कोण? लार्झाकच्या बाबतीत १९७२ च्या अखेरीस प्रीफेक्टनेच हे संपादन सार्वजनिक उपयोगाचे असल्याचे जाहीर केले. जमीन मागणारे सरकार; ती मागणी लोकहिताची आहे असा निर्णय देणारा अधिकारी त्याच सरकारने नेमलेला. फिर्यादी तोच न्यायाधीश अशातला हा प्रकार. वास्तविक त्याच्या आदल्या वर्षी, मे १९७१ मध्ये, फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनाने लील शहरानजीकच्या नव्या वसाहतीच्या खटल्यात मोठे उदार तत्त्व घालून दिले होते. एखाद्या योजनेने मालमत्तेला पोचणारी हानी, तिचा खर्च आणि तिच्यामुळे समाजाला होणारा त्रास ही तिच्यापासून होणाऱ्या हिताच्या मानाने अतिरिक्त असता कामा नयेत. असली तर ती सार्वजनिक उपयोगाची नव्हे, असे ते तत्त्व. तराजूची दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत, हा त्याचा अर्थ. न्यायासने संरक्षणाच्या कामी हा तराजू हाती घेण्यास कचरतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणूनच लार्झाकचा निकाल शेवटी न्यायमंदिरात लागला नाही, तो मतपेटीत लागला. मे १९८१ मध्ये फ्रांस्वा मितेराँ अध्यक्ष निवडून आले, आणि जूनच्या आरंभीच छावणीच्या विस्ताराचा बेत रद्द झाला.

येथवरची हकीकत विजयाची आहे. पण आमच्या मते लार्झाकचा खरा मोठेपणा त्यानंतर दिसला. लढ्याच्या काळात सरकारने हजारो हेक्टर जमीन विकत घेऊन ठेवलीच होती. ती आता वाटून घ्यावी, ज्याने त्याने आपापला तुकडा बळकवावा, हा मोह कोणासही झाला असता. शेतकऱ्यांनी तसे केले नाही. १९८५ साली त्यांनी एक मंडळी स्थापिली, आणि सरकारने सुमारे ६,३०० हेक्टर जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने तिच्या स्वाधीन केली. २०१३ साली ही मुदत २०८३ पर्यंत वाढविण्यात आली. मालकी सरकारची, व्यवस्था शेतकऱ्यांनी निवडलेल्या मंडळाची. जमीन कसणारास ती त्याच्या कामाच्या आयुष्यापुरती मिळते. तो निवृत्त झाला की ती मंडळीकडे परत येते आणि दुसऱ्या, बहुधा तरुण, कुटुंबास दिली जाते. घराला त्याने केलेल्या सुधारणांचा मोबदला त्याला मिळतो. पण जमीन विकता येत नाही, वारसाहक्काने देता येत नाही, तिच्यावर सट्टा खेळता येत नाही. ज्यांनी मालकीसाठी दहा वर्षे झुंज दिली, त्यांनीच विजयानंतर मालकीपेक्षा वहिवाट श्रेष्ठ मानली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्याच पठाराने १९९९ साली पुन्हा जगाचे लक्ष वेधले. संप्रेरके देऊन वाढविलेल्या गुरांचे मांस युरोपने नाकारले, म्हणून अमेरिकेने सूड उगवून रोक्फोरसारख्या जिनसांवर शंभर टक्के जकात बसविली. तेव्हा लार्झाकच्या शेतकऱ्यांनी मियो येथे बांधकाम चालू असलेले मॅकडोनाल्ड कंपनीचे उपाहारगृह भर दिवसा उघडपणे मोडून टाकले, आणि त्यांचे पुढारी झोझे बोव्हे ह्यांना कारावास झाला. दुसऱ्याच्या इमारतीस हात लावण्याचा हा मार्ग आम्हांस पसंत नाही. पण हजारो मैलांवरच्या भांडणाचा दंड एका माळावरच्या मेंढपाळाने का भरावा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

कोणी म्हणेल, देशाच्या संरक्षणास जमीन लागतेच. प्रत्येक शेतकरी असा अडून बसला तर सैन्याने सराव करावा कोठे? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. स्वतंत्र राष्ट्राला सैन्य हवे, आणि सैन्याला मैदान हवे. लार्झाकवरील जुनी छावणी आजही आहे; २०१६ सालापासून तेथे फ्रेंच परकीय पलटणीची एक तुकडी येऊन राहिली आहे, आणि शेतकरी शेजारी आपल्या मेंढ्या चारीत आहेत. प्रश्न सैन्य हवे की नको हा नव्हता. तीन हजारांचे सतरा हजार हेक्टर का, हे जमीन देणारास पटवून देण्याचे ओझे मागणारावर आहे की नाही, हा होता. ज्या छावणीच्या विस्तारावाचून देशाचे रक्षण होणार नाही असे १९७१ साली बजावण्यात आले, त्या विस्तारावाचून फ्रान्सचे रक्षण पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ बिनबोभाट झाले. ह्यावरून ‘अपरिहार्य’ हा शब्द मंत्र्यांच्या तोंडी किती स्वस्त असतो हे उघड आहे.

आमच्या वाचकांच्या मनात एव्हाना मुळशी आली असेलच. १९२१ साली सेनापती बापटांनी मावळच्या शेतकऱ्यांसह टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्या समोर १८९४ चा भूसंपादनाचा कायदा उभा होता. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी असे सरकारने एकदा जाहीर केले की तेच निर्णायक पुरावा, असे त्या कायद्याचे सहावे कलम बजावीत होते. मावळचे धैर्य लार्झाकहून तसूभरही कमी नव्हते. पण मावळच्या शेतकऱ्यास मत नव्हते आणि सरकार बदलण्याची सोय नव्हती. तो कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेला २०१३ चा कायदा खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधितांपैकी ऐंशी टक्क्यांची व सरकारी-खाजगी भागीदारीच्या योजनेसाठी सत्तर टक्क्यांची संमती मागतो. सरकार स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा मात्र अशी संमती लागत नाही. आणि संरक्षणाच्या कारणास्तव तातडीचे कलम अजून कायम आहे. म्हणजे लार्झाकसारखा प्रसंग उद्या आमच्याकडे ओढवला, तर तो नेमका ह्या फटीतून शिरेल.

म्हणून लार्झाकवरून घ्यावयाचा बोध आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिला असा की, कोणती जमीन पडीत व कोणती कसदार हे ठरविताना दप्तरातील नोंद हा अखेरचा पुरावा मानू नये. तीवर जगणाऱ्या माणसांची व जनावरांची साक्ष घ्यावी. आमच्याकडील गायरान, माळरान, धनगरांच्या चराईच्या वाटा ह्यांस हा न्याय आधी लागू पडतो. दुसरा असा की, सार्वजनिक हित आहे की नाही ह्याचा निर्णय जमीन मागणाऱ्या खात्याने देऊ नये. गावाच्या सभेपुढे कारणे मांडावीत, आणि सरकारने निर्णय दिल्यावर न्यायासनाने हानीचे व हिताचे असे दोन्ही पारडे तोलावे. तिसरा बोध शेतकऱ्यांसाठी आहे. लार्झाकच्या १०३ जणांजवळ शपथेच्या आधीपासून दूध-संघ होता, कुळाचा हक्क होता, गावोगाव निवडलेली सभा होती. एकत्र बसून हिशेब करण्याची सवय असलेली माणसेच एकत्र बसून सत्याग्रह करू शकतात. संकट दाराशी आल्यावर संघटना उभारू म्हणणे हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. आणि चुनखडीच्या माळावर राहणाऱ्या ह्या लोकांनी पाणी आधी साठवून ठेवावे लागते हे फार पूर्वीच ओळखले होते. आमच्या ग्रामसभा व सहकारी संस्था कागदावर पुष्कळ आहेत. त्यांत शेतकऱ्याने स्वतः जाऊन बसावे, दप्तर मागून पहावे आणि ठराव वाचल्यावाचून सही करू नये. जमीन राखण्याच्या कामाचा आरंभ तेथूनच होतो.